गाडी चालवताना हॅम रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा हौशी वायरलेस, आणि तो चालवणाराही हॅमच. परवाना मिळाला की पहिली अँटेना गच्चीवर चढते आणि दुसरी गाडीवर. गाडीवरची चढली की हे प्रश्न यायला लागतात. पुन्हा पुन्हा आलेले एकत्र केले आहेत. कायदा जिथे स्पष्ट आहे तिथे कलम दिलं आहे. जिथे तो मोघम आहे तिथे माझं मत दिलं आहे आणि ते मत आहे असं म्हटलं आहे. मुख्य भर भारतातल्या कायद्यावर आहे, बाहेरचे दाखले तुलनेपुरते.

१. गाडीत हॅम रेडिओ बसवणं मुळात बेकायदा आहे का?

नाही. तुमच्याकडे वैध परवाना असेल तर गाडीत सेट असणं हा गुन्हा नाही. गोंधळ होतो तो दोन वेगळे कायदे एकच समजल्यामुळे. कोणत्या बँडवर, किती पॉवरने, कोणत्या कॉलसाइनने (स्टेशनच्या ओळख-नावाने) बोलायचं हे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा (वायरलेसचं नियोजन बघणारी) ठरवते. आपली सगळी व्यवस्था १९७८ च्या हौशी सेवा नियमांवर उभी राहिली ती तिथूनच. चाकामागे बसून काय करायचं आणि काय नाही, हे मात्र मोटार वाहन कायदा १९८८ ठरवतो. तुमची कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होवो की व्हीयू३ ने (ते परवान्याच्या दर्जावर ठरतं), वाहतूक पोलिसासाठी तुम्ही चालकच. आपल्या परवान्यावर स्टेशनच्या जागेबद्दल आणि फिरत्या वापराबद्दल काय अटी छापल्या आहेत, ते गाडीला भोक पाडण्याआधी वाचा. भोक पाडायची तशी गरजही नसते. चुंबकी बैठकीची अँटेना बहुतेकांना पुरते.

२. गाडी चालवताना हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) बोललो तर नेमकं कोणतं कलम लागतं?

कलम १८४, धोकादायक रीतीने वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं आणि कोणत्या गोष्टी 'धोकादायक' धरायच्या त्याची यादी दिली. लाल सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्या शेजारीच 'वाहन चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्क साधनाचा वापर' ही नोंद बसली आहे. म्हणजे तुमचं चालवणं प्रत्यक्षात धोकादायक होतं की नव्हतं, हा वादच उरत नाही. साधन वापरलं एवढंच पुरे.

पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा झाला तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटू शकतो. कलम २०० मध्ये तशी तरतूद आहे, आणि गंमत म्हणजे कलम १८४ मधल्या सगळ्या प्रकारांपैकी फक्त हातातल्या साधनाच्या वापरापुरतीच ती आहे. रक्कम राज्य सरकार ठरवतं. लायसन्सचं काय होतं ते प्रश्न १२ मध्ये पाहा.

३. कायदा मोबाइल फोनसाठी आहे. हँडी म्हणजे फोन नाही. मग?

हा युक्तिवाद एकेकाळी करता येत होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २१ च्या यादीत 'मोबाइल फोन' असे शब्द होते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात 'हातात धरायची संपर्क साधनं' असा रुंद शब्द आणला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातही तोच आला. हँडी हातात धरतात आणि ती संपर्कासाठीच असते. यातून सुटायला जागा नाही.

त्याच नियमाने एक अपवाद केला आहे: रस्ता शोधण्यासाठी साधन वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. 'रिपीटरवरच्या (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवरच्या) मित्राला रस्ता विचारत होतो' हे उत्तर कल्पक आहे, पण त्यावर विसंबू नका.

४. हॅमना कायद्यात सूट असते ना? अमेरिकेत आहे असं ऐकलंय.

भारतात हौशी रेडिओचं नाव घेऊन दिलेली सूट कलम १८४ मध्ये नाही. 'हॅमना चालतं' हे वाक्य बहुतेक वेळा अमेरिकी व्हिडिओंमधून आलेलं असतं, आणि तिथेही ते सरसकट खरं नाही. तिथे असे कायदे राज्यागणिक बदलतात. जॉर्जियाच्या १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संपर्क साधनाच्या व्याख्येतून सीबी रेडिओ (सर्वसामान्यांसाठीचा कमी पॉवरचा रेडिओ), व्यावसायिक दुतर्फी रेडिओ आणि हॅम रेडिओ नाव घेऊन वगळले. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत पेजर येतो, दुतर्फी संदेश यंत्र येतं, पण हॅमचं नाव ना आत आहे ना बाहेर. त्यामुळे तिथले हॅम वर्षानुवर्षं एकमेकांना हाच प्रश्न विचारत आले आहेत. अमेरिकेचा ट्रक-बस चालकांसाठीचा केंद्रीय नियम ३ जानेवारी २०१२ पासून हातातल्या मोबाइलवर बंदी घालतो, पण त्याच्या व्याख्येतून दुतर्फी आणि सीबी रेडिओ बाहेर आहेत. इतर देशांसाठी प्रश्न १५.

५. डॅशबोर्डवर घट्ट बसवलेली रिग (गाडीतला रेडिओ सेट) आणि कुंडलीदार वायरचा हँडमाइक. हे 'हातातलं साधन' धरतात का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सरळ उत्तर नसलेलाही हाच.

कलम १८४ च्या स्पष्टीकरणात यादी आहे, व्याख्या नाही. त्यामुळे दोन वाचनं शक्य आहेत. पहिलं, हॅमच्या बाजूचं: साधन म्हणजे रिग, ती चार स्क्रूंनी डॅशबोर्डला बांधलेली आहे, हातात आहे तो फक्त तिचा एक सुटा भाग. दुसरं, रस्त्यावरचं: चालकाच्या एका हातात काळी वस्तू आहे, ती तोंडाशी आहे आणि तो बोलतो आहे. पहिलं वाचन न्यायालयात मांडायला चांगलं आहे. चौकात उभ्या पोलिसाला काचेतून दुसरंच दिसतं, आणि त्याला तसं दिसणं चुकीचंही नाही. तुमचा एक हात स्टिअरिंगवर नाही, हे दोन्ही वाचनांत सारखंच.

माझं मत: हँडमाइकला सूट आहे असं धरून चालू नका. गाडीतून नियमित बोलणार असाल तर बूम माइक (दांडीवरचा, हातात न धरायचा) सन व्हायझरला किंवा काचेच्या कडेच्या खांबाला लावा आणि पीटीटीचं, म्हणजे दाबून बोलायचं, बटण गिअरच्या दांड्याजवळ किंवा स्टिअरिंगवरच्या बोटापाशी आणा. बटण दाबायला हात हलवावा लागू नये, ही कसोटी. व्हॉक्सवर, म्हणजे आवाजाने आपोआप चालू होणाऱ्या ट्रान्समिशनवर, अनेकांचा भर असतो. आपल्याकडच्या हॉर्नच्या रहदारीत तो दर दोन मिनिटांनी रिपीटर उघडेल आणि नेटवरची (ठरलेल्या वेळी रेडिओवर जमणारी) माणसं तुमच्यावर वैतागतील. रिगचं तोंड वेगळं निघत असेल तर ते नजरेच्या पातळीला लावा, पण एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत नाही. हे कितीतरी गाड्यांत चुकलेलं दिसतं.

आणि वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. ५० वॉटची रिग बोलताना दहा अँपिअरच्या वर खेचते. फ्यूज उडाला की चालू गाडीत डॅशबोर्डखाली वाकून बघण्याचा मोह होतो आणि सगळी काळजी वाया जाते.

६. हात मोकळे ठेवले की कायद्याचा प्रश्न संपला?

हातातल्या साधनाचा संपला. कलम १८४ च्या यादीतल्या शेवटच्या नोंदीचा नाही. सक्षम आणि सावध चालकाकडून अपेक्षित पातळीच्या खूप खाली जाईल असं कोणतंही चालवणं त्या नोंदीत येतं. बूम माइकवर बोलता बोलता लेन सोडून गेलात तर माइक कुठे लावला होता हे कुणी विचारणार नाही.

फोनबद्दलचं संशोधनही याच दिशेचं आहे. रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांच्या १९९७ च्या प्रसिद्ध अभ्यासात, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हँड्स-फ्री वापरणाऱ्यांचा त्याहून कमी असल्याचं दिसलं नाही. मन दुसरीकडे गेलं की हात कुठे आहेत याने फारसा फरक पडत नाही.

७. पण रेडिओवरचं बोलणं फोनपेक्षा कमी धोक्याचं असतं, हे खरं ना?

याला काही आधार आहे. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, गप्प बसलं की समोरचा 'हॅलो, हॅलो' करतो, आणि उत्तर लगेच द्यावं लागतं. रेडिओवर एका वेळी एकच बोलतो. तुम्ही अर्धा मिनिट उत्तर दिलं नाहीत तर नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, पुढच्या स्टेशनकडे वळतो. समोर ट्रकने ब्रेक मारला तर वाक्य अर्धवट टाकून बटण सोडता येतं, आणि 'मोबाइल आहे', म्हणजे गाडीत आहे, म्हटल्यावर कुणी रुसत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलने जानेवारी २००९ मध्ये गाडी चालवताना फोनवर, हँड्स-फ्रीसह, संपूर्ण बंदीची मागणी केली. त्याच वर्षी तिथल्या हॅम संघटनेला, एआरआरएलला, लिहिलेल्या पत्रात मात्र हौशी रेडिओमुळे अपघाताचा मोठा धोका असल्याचा पुरावा दिसत नाही, त्यामुळे त्यावर बंदीला पाठिंबा नाही, असं कळवलं. आपल्याकडे हे पत्र फार हौसेने फिरवलं जातं. त्यात पूर्ण लक्ष रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर असणं हेच सर्वात सुरक्षित, असंही म्हटलं होतं. तो भाग फिरवताना गळतो.

शिवाय हे सगळं रिपीटरवरच्या निवांत गप्पांना लागू आहे. एचएफवर (दूरवर पोचणाऱ्या लघुलहरींवर) दूरच्या स्टेशनमागे लागलेल्या गर्दीत घुसणं, स्पर्धेत नंबर देणं-घेणं, बँड चाळत बसणं यांना नाही.

८. सिग्नलला थांबलो असताना बोललं तर?

इंजिन चालू, गाडी रहदारीच्या रांगेत, पाय ब्रेकवर: याला मी वाहन चालवणंच म्हणतो आणि पोलिसही तेच म्हणतील. नव्वद सेकंदांत तसाही कोणता क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) पुरा होतो?

९. मग बाजूला थांबून बोलायचं, तर कुठे?

ढाब्याचं आवार, अधिकृत वाहनतळ. पांढरी पट्टी ओलांडून कडेला थांबणं हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा ठिकाणी गाडी उभी करण्याला कलम १२२ मनाई करतं. द्रुतगती मार्गावर कडेची पट्टी बिघाड आणि आणीबाणीसाठी असते. तिथे उभ्या गाडीवर मागून आदळलेल्या वाहनांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. चढावर सिग्नल चांगला मिळतो म्हणून घाटातल्या वळणावर थांबणारे हॅम मी पाहिले आहेत. सिग्नल खरंच चांगला मिळतो, पण थांबायची ती जागा नाही.

१०. फक्त ऐकत असलो तर?

रिग बसवलेली असेल आणि हात लावत नसाल तर हातातल्या साधनाचा प्रश्न येत नाही. गाणी ऐकण्यापेक्षा ते वेगळं नाही. अडचण ऐकण्यात नसते, बटणांत असते. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मेन्यूत शिरून टोन (रिपीटर उघडणारा सूर) बदलायला तीन सेकंद लागले तर तुम्ही ६६ मीटर न बघता गेलात. म्हणून वाटेतले रिपीटर त्यांच्या टोनसह घरीच मेमरीत भरा, जाण्याच्या क्रमाने, म्हणजे चालत्या गाडीत एकच बटण पुढे सरकवावं लागेल. स्क्वेल्चही (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) निघण्याआधी लावा. सारखी खरखर येत राहिली की हात आपोआप तिकडे जातो. दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. मागच्या अँब्युलन्सचा भोंगा ऐकू यायला हवा.

११. शेजारी बसलेल्याला बोलायला दिलं तर?

सर्वात चांगला उपाय, एका अटीवर: त्याच्याकडे स्वतःचा परवाना हवा. बायको-मुलांच्या हातात माइक देऊन 'बोल ना, काही होत नाही' म्हणणं हा वायरलेसच्या कायद्याचा भंग आहे, वाहतुकीचा नसला तरी. घरात दुसरी कॉलसाइन यावी म्हणून हे कारण वापरून पाहायला हरकत नाही.

हीच व्यवस्था पोलिसांच्या गाड्यांत असते. 'त्यांना वायरलेस चालतो, आम्हाला का नाही' असं विचारणाऱ्यांनी पुढच्या वेळी नीट पाहावं. माइक बहुतेक वेळा शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या हातात असतो.

१२. पोलिसांनी अडवलं तर काय दाखवायचं, काय बोलायचं?

परवान्याची प्रत गाडीत ठेवाच. तिचा उपयोग एका शंकेपुरता आहे: हा वायरलेस सेट कायदेशीर आहे का? अँटेना बघून ती शंका येणारच, आणि कागद पाहिला की मिटते. कलम १८४ वर तो कागद उत्तर नाही, त्यामुळे 'मी लायसन्सवाला हॅम आहे' हे दंडाच्या पावतीवर वाद घालायला वापरू नका.

कलम २०६ नुसार १८४ च्या गुन्ह्यात पोलीस ड्रायव्हिंग लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. प्राधिकारी तुमचं म्हणणं ऐकून घेतो. पटलं नाही तर कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता, दुसऱ्यांदा लायसन्स रद्द. रिग बसवलेली होती, माइक बूम होता, बटण दांड्याला होतं हे सांगायची योग्य जागा ही सुनावणी आहे. फोटो काढून ठेवा.

अपघात झाला तर प्रकरण पूर्ण वेगळं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यासाठी कलम १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे तुमच्या क्यूएसओची वेळ आणि रिपीटरवर ऐकणारी माणसं तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतात.

१३. पूर, भूकंप अशा वेळी तरी सूट असेल?

कलम १८४ मध्ये आपत्तीतल्या हॅमसाठी वेगळी ओळ नाही. ब्रिटनच्या कायद्यात खऱ्या आणीबाणीत, थांबणं सुरक्षित नसेल तेव्हा ९९९ किंवा ११२ ला फोन करण्याला स्पष्ट अपवाद आहे. आपल्या यादीत तसं काही लिहिलेलं नाही.

२००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम उपयोगी पडले, २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप पोचले तेही हॅममुळेच. पण ते काम एका जागी उभ्या केलेल्या स्टेशनांनी केलं. आपत्तीत रस्ते तुटलेले असतात, दिवे नसतात, समोरून येणाऱ्या गाड्या घाबरलेल्या असतात. नेमक्या तेव्हाच एका हाताने चालवू नये. अशा कामाला निघताना गाडीत दोघं असावेत, एक चाकावर आणि एक माइकवर. दुसरा मिळत नसेल तर ठरावीक वेळी थांबून हजेरी द्या आणि ते वेळापत्रक नेट कंट्रोलला आधी सांगून ठेवा.

१४. माझ्याकडे परवाना नाही. बाइकच्या राइडला परवानामुक्त वॉकीटॉकी वापरतो. मला हे लागू नाही ना?

लागू आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी पॉवरचे सेट आणि २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमधला ५ वॉटपर्यंतचा सीबी यांना वायरलेस परवाना लागत नाही. कलम १८४ ला त्याच्याशी देणंघेणं नाही (प्रश्न १ मधलाच फरक). बाइकवर तर हात सोडून सेट तोंडाशी नेणं म्हणजे क्लच किंवा ब्रेक यांपैकी एकावर पाणी सोडणं. जॅकेटला सेट, हेल्मेटमध्ये माइक आणि डाव्या मुठीला बटण, एवढं करा. नाहीतर पुढच्या-मागच्या स्वारानेच बोलायचं आणि मधल्यांनी ऐकायचं. हेल्मेटमध्ये काही बसवताना आतलं थर्माकोल कापू नका.

आणि त्या सेटवर हॅम बँड उघडता येतात असं दुकानदाराने सांगितलं असेल तर तिथे परवान्याशिवाय बटण दाबणं हा वेगळा गुन्हा आहे.

१५. परदेशात भाड्याच्या गाडीतून बोलता येईल?

आधी तिथे बोलण्याची परवानगी हवी, तो वेगळा विषय आहे. वाहतुकीच्या बाजूने प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी.

ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून हातातल्या फोनवर बंदी घातली तेव्हा 'दुतर्फी रेडिओ' बाहेर ठेवला, आणि त्याची व्याख्या फ्रिक्वेन्सीवरून केली: मोबाइल फोनचे बँड सोडून इतरत्र चालणारं, बोलणं पाठवण्या-घेण्याचं यंत्र. प्रश्न ५ मधला घोळ तिथे होत नाही तो यामुळे. २०२२ मध्ये नियम कडक झाले तरी ही वगळणूक टिकली. गाडीवर योग्य ताबा नसल्याचा गुन्हा मात्र हॅमलाही लागतो.

कॅनडातल्या ओंटारिओने २६ ऑक्टोबर २००९ पासून बंदी आणली आणि परवानाधारक हॅमना मुदतीची सूट दिली, आधी १ जानेवारी २०१३ पर्यंत, मग २०१८ पर्यंत, आणि ती पुढेही ढकलली गेली. मुदतीची सूट म्हणजे हँड्स-फ्री उपकरणं बाजारात येईपर्यंत थांबतो, एवढाच तिचा अर्थ. जर्मनीने ऑक्टोबर २०१७ च्या नियमात रेडिओही पकडला, फक्त त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२० पर्यंत पुढे ठेवली आणि नंतर आणखी एक वर्ष ढकलली. तेव्हा 'युरोपात चालतं' असं कुणी म्हणालं तर कोणत्या देशात आणि कोणत्या वर्षी, हे विचारा.

१६. लॉगबुक चालत्या गाडीत कसं भरायचं?

भरायचं नाही. थांबल्यावर भरा. वेळ लक्षात राहत नसेल तर डॅशकॅमचा आवाज चालू ठेवा, तुमचीच कॉलसाइन वेळेसकट त्यात नोंदली जाते.

१७. एपीआरएस (गाडीची जागा आणि छोटे संदेश रेडिओवरून पाठवणारी पद्धत) लावलं तर? त्यात बोलावं लागत नाही.

जागा पाठवणारा बीकन निघण्याआधी चालू करून विसरून जा, त्याला हात लागत नाही. आलेले संदेश वाचणं आणि कीपॅडवरून उत्तर देणं मात्र फोनवर मेसेज टाइप करण्याइतकंच वाईट आहे, किंबहुना रिगचा पडदा लहान असल्यामुळे जास्तच. संदेश आल्याची टिकटिक वाजली की नजर तिकडे जातेच, म्हणून तो आवाज बंद ठेवा आणि 'गाडीत आहे, थांबल्यावर उत्तर देईन' असा मजकूर बीकनच्या टिप्पणीत आधीच भरून ठेवा.